आधी हृदय भरतं

हृदयावरची बहुतेक पुस्तकं डाव्या निलयापासून सुरू होतात. महाधमनीत रक्त ढकलणारा तो जाड, बलदंड स्नायू आधी समजावायचा आणि बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला मांडायचं, अशी रीतच पडली आहे. हे पुस्तक महाशिरांपासून सुरू होतं. पहिल्या प्रकरणात ठोका नाहीच. पाय, पोट, यकृत आणि मान इथून छातीकडे परत येणाऱ्या रक्ताची ती हकिगत आहे. हा क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे आणि त्यामागचं कारण सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लिहितो आहे.

ज्यांच्यासाठी हे लिहिलं, ते १०८ च्या रुग्णवाहिकेतले डॉक्टर आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एकट्याने उभे राहणारे वैद्यकीय अधिकारी आहेत. गाडी थांबवून मागे धावत येणारे आणि कॉम्प्रेशनला हात लावणारे पायलटही आहेत. यांपैकी अनेकांनी हृदयाची रचना कधीतरी परीक्षेसाठी पाठ केलेली असते. चार कप्पे, चार झडपा, डावी-उजवी हृदयधमनी, आकृतीला नावं द्या, पाच गुण. ते ज्ञान खोटं नसतं. पण मॉनिटरवर रक्तदाब ७० दिसत असताना आणि नातेवाईक गाडीचं दार धरून उभे असताना ते ज्ञान हाताशी येत नाही. त्या क्षणी एकच प्रश्न खरा असतो: हे हृदय भरत नाहीये, की रिकामं होत नाहीये? माझ्या मते छातीच्या तातडीच्या उपचारातला हा पहिला प्रश्न असायला हवा. शिकवण्यात मात्र त्याचा अर्धाच भाग येतो. हृदय आकुंचन पावतं हे कोणी विसरत नाही. ते आधी भरावं लागतं, हे विसरलं जातं.

या विसरण्याला थोडा इतिहास आहे. गॅलनच्या परंपरेत हृदयाचं प्रसरण हीच त्याची खरी कृती मानली जाई. रक्त यकृतात तयार होतं, शरीरात वापरलं जातं आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून ते उजवीकडून डावीकडे झिरपतं, असा समज चौदाशे वर्षं टिकला. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी ती छिद्रं नाकारली आणि रक्त फुप्फुसांतून जातं असं लिहिलं. १६२८ साली विल्यम हार्वी यांनी फ्रँकफर्टमध्ये आपला ग्रंथ छापला आणि चित्र पूर्ण केलं. त्यांचा युक्तिवाद हिशेबाचा होता. एका ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणलं, तर जे परिमाण येतं ते खाल्लेल्या अन्नातून तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असलं पाहिजे. आज आपण तोच हिशेब असा करतो: ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच असतं.

हार्वी यांनी आकुंचन ही हृदयाची कृती ठरवली आणि ते बरोबरच होतं. पण त्यानंतर सगळ्यांची नजर आकुंचनावर खिळली आणि प्रसरण म्हणजे निव्वळ विश्रांती असं वाटू लागलं. खरं तर स्नायू सैल पडण्यालाही ऊर्जा लागते. आकुंचनासाठी पेशीत सोडलेलं कॅल्शियम पुन्हा त्याच्या कोठारात ओढून घ्यावं लागतं आणि ते काम फुकट होत नाही. म्हणूनच रक्तपुरवठा तुटला की हृदयाचा स्नायू आधी ताठ होतो आणि मग दुबळा होतो. हार्ट अटॅकच्या पहिल्या काही क्षणांत बिघडतं ते भरणं. पिळून काढण्याची ताकद त्यानंतर जाते. छातीत कळ येण्याआधीच एखाद्याला नुसती धाप लागते, त्याचं एक कारण इथे आहे.

विहिरीवर मोट हाकलेली माणसं आता थोडीच उरली असतील, पण त्यांना हे लगेच कळेल. बैल मागे सरकत धावेच्या वरच्या टोकाला येतात, मोट पाण्यात बुडते. ती भरायच्या आत बैलांना पुढे हाकलं तर अर्धी मोट वर येते आणि बैल मात्र तेवढेच दमतात. हृदयाचा वेग फार वाढला की नेमकं हेच होतं. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याचा पूर्ण फेरा ०.८ सेकंदाचा असतो. त्यातला ०.३ सेकंद आकुंचनाचा आणि उरलेला अर्धा सेकंद भरण्याचा. वेग १८० झाला की पूर्ण फेराच ०.३३ सेकंदाचा उरतो. आकुंचनाचा वेळ थोडाच कमी होतो, भरण्याचा वेळ मात्र जवळपास एक चतुर्थांशावर येतो. नाडी जोरात धावते आहे आणि रक्तदाब खाली आहे, यात मग विसंगती राहत नाही.

हाच भरण्याचा वेळ राखण्यासाठी शरीराने एक सुंदर व्यवस्था केली आहे. उजव्या अलिंदात वरच्या महाशिरेच्या मुखापाशी ठोक्याचा उगम असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली तो शोधला. त्याच्या एक वर्ष आधी, जर्मनीतल्या मारबुर्ग इथे काम करणाऱ्या सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरने अलिंद आणि निलय यांच्या मधली गाठ आणि तिथून निघणारं तंतूंचं जाळं दाखवून दिलं होतं. विद्युत्संदेश या गाठीत सुमारे ०.१ सेकंद अडतो. हा अडथळा दोष नाही. तेवढ्या वेळात अलिंद आकुंचन पावून निलयात शेवटचा भर घालतं. निरोगी माणसात हा भर एकूण भरण्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढा असतो. उच्च रक्तदाबाने हृदय जाड आणि ताठ झालेल्या म्हाताऱ्या माणसात तो आणखी महत्त्वाचा ठरतो. म्हणून अशा माणसाचं अलिंद एकाएकी थरथरू लागलं की तो तासाभरात फुप्फुसात पाणी होऊन बसतो. ईसीजीच्या कागदावर पी लहर नाहीशी झालेली दिसते तेव्हा हा हरवलेला भर डोळ्यांसमोर यावा, एवढ्यासाठी ईसीजीचं प्रकरण मी रक्ताच्या प्रवाहानंतर ठेवलं आहे.

आता हृदयाचं स्वतःचं जेवण. शरीरातले इतर अवयव रक्त घेतात ते मुख्यतः हृदय आकुंचन पावतं तेव्हा. डावं निलय मात्र स्वतःच्या स्नायूला रक्त पाजतं ते बहुतांशी सैल पडल्यावर, कारण आकुंचनात त्या जाड भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. शिवाय हा स्नायू विश्रांतीतही आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे गरज वाढली की जास्त प्राणवायू ओढून घेण्याची सोय त्याच्यापाशी उरलेली नसते. प्रवाहच वाढावा लागतो, आणि प्रवाहाला भरण्याचा वेळ लागतो. अटॅकच्या रोग्याला जिना उतरवू नका, चालवत गाडीपर्यंत आणू नका, त्याची वेदना आणि भीती कमी करा, असं आपण सांगतो ते याच कारणाने. चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवणं हा औषधाइतकाच उपचार आहे. नातेवाईकांना ते पटवायला वेळ गेला तरी तो द्यावा.

या सगळ्याची सर्वांत मोठी कसोटी सीपीआरमध्ये लागते आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डिफिब्रिलेटरवर काम चालू असताना गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर जड पॅडल नुसते दाबले तरी धमनीतला दाब क्षणभर वाढतो. त्यातून विल्यम कौवेनहोवन, जेम्स ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली बंद छातीवरच्या मालिशीची पद्धत जगापुढे ठेवली. त्याआधी थांबलेलं हृदय चालवायचं म्हणजे छाती उघडून ते मुठीत धरावं लागे. आज आपण तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवतो, ५ ते ६ सेंटिमीटर दाबतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दाबण्याचे हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. सोडण्याबद्दल मात्र कमी बोललं जातं.

हृदय थांबल्यावर काय होतं ते पाहा. धमन्यांत दाब जास्त आणि शिरांत कमी असतो, त्यामुळे ठोका बंद पडला तरी रक्त काही वेळ धमन्यांकडून शिरांकडे सरकतच राहतं. काही मिनिटांत दोन्हीकडचा दाब सारखा होतो. उजवी बाजू फुगते, डावी रिती होते आणि हृदयधमन्यांतला प्रवाह शून्यावर येतो. कॉम्प्रेशनच्या दाबाने आपण रक्त पुढे ढकलतो. पण हात पूर्ण सैल केल्यावर छाती वर येते, आतला दाब उतरतो, शिरांतलं रक्त आत ओढलं जातं आणि त्याच क्षणी महाधमनीतलं रक्त हृदयधमन्यांत उतरतं. हृदयाच्या स्नायूला मिळणारं रक्त म्हणजे सैल क्षणातला महाधमनीचा दाब वजा उजव्या अलिंदाचा दाब. हा फरक १५ मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली राहिला तर हृदय पुन्हा सुरू होणं फार अवघड. दमलेला माणूस दोन दाबांच्या मध्ये छातीवर रेलून राहतो. खोली मोजली तर ती ठीक दिसते, पण उजव्या अलिंदातला दाब चढलेला राहतो आणि वजाबाकीच बिघडते. म्हणूनच दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. म्हणूनच १० सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, कारण हा दाब अनेक कॉम्प्रेशननंतर हळूहळू चढतो आणि थांबलं की झरकन कोसळतो. आणि म्हणूनच ॲम्बू बॅग घाईघाईने दाबायची नाही. घाबरलेला हात मिनिटाला तीस-तीस वेळा हवा भरतो. प्रत्येक श्वासाने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे येणारं रक्त अडतं. नळी घातलेल्या रोग्याला मिनिटाला १० श्वास पुरेसे आहेत.

गरोदर स्त्रीचं हृदय बंद पडलं तर याच विचाराची आणखी एक पायरी लागते. वीस आठवड्यांनंतर, म्हणजे गर्भाशय बेंबीपर्यंत आल्यावर, उताणं झोपवलं की ते खालच्या महाशिरेवर बसतं. तेव्हा एकाने कॉम्प्रेशन द्यायचं आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी पोट डावीकडे ओढून धरायचं. महाशिरा माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

हृदय छातीत नेमकं कसं बसलं आहे, याचाही इथे संबंध येतो. पुस्तकातल्या आकृतीत ते समोरून उभं कापलेलं दिसतं, उजवा अर्धा उजवीकडे आणि डावा डावीकडे. प्रत्यक्षात ते वळलेलं आहे. छातीच्या हाडामागे सर्वांत पुढे उजवं निलय असतं आणि सर्वांत मागे, अन्ननलिकेला टेकून, डावं अलिंद. म्हणून छातीत चाकू घुसला तर उजवं निलय सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याभोवतीच्या हृदयावरणात एरवी १५ ते ५० मिलिलिटर पाणी असतं. ही पिशवी चिवट असते, एकदम ताणली जात नाही. तिच्यात अचानक दीडशे-दोनशे मिलिलिटर रक्त साठलं तरी हृदयाला भरायला जागा उरत नाही. क्षयात किंवा कर्करोगात तेच पाणी महिनोन्‌महिने साठत गेलं तर लिटरभरही मावतं. रक्तदाब खाली, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि ठोके दबलेले ही तीन लक्षणं क्लीव्हलंडचे सर्जन क्लॉड बेक यांनी १९३५ साली एकत्र मांडली. १९४७ मध्ये माणसाचं थरथरणारं हृदय विजेच्या धक्क्याने पहिल्यांदा पूर्ववत केलं तेही याच बेक यांनी. गाडीतल्या माणसाने इथे घुसलेली वस्तू काढायची नाही, सलाईनने थोडा वेळ विकत घ्यायचा आणि ज्या रुग्णालयात छाती उघडता येते तिथेच थेट जायचं.

उजव्या निलयाला कमी लेखलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याची भिंत डाव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्याला फुप्फुसांपर्यंतच रक्त पोचवायचं असतं, त्यामुळे तो पातळपणा पुरतो. पण ते भरण्यावर फार अवलंबून असतं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक आला की साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रोग्यांत उजव्या निलयालाही इजा झालेली असते, कारण बहुतेकांत दोन्हींना उजवी हृदयधमनीच रक्त देते. हा रोगी अनेकदा छाती धरून येत नाही. पोटात जळजळ, ओकारी, घाम, नाडी ४५. घरच्यांनी ॲसिडिटी म्हणून सोडा पाजलेला असतो. ईसीजीत टू, थ्री आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी उचललेला दिसतो. अशा वेळी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलं तर शिरा सैल पडतात, परत येणारं रक्त घटतं आणि आधीच अडखळणारं उजवं निलय रितं पडतं. रक्तदाब डोळ्यांदेखत ५० वर येतो. हे टाळण्याचा उपाय साधा आहे. व्ही-फोरचा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला, पाचव्या बरगडी-अंतरात, हंसळीच्या मध्यरेषेखाली लावायचा आणि पुन्हा एक पट्टी काढायची. अर्धं मिनिट लागतं. तिथेही एसटी उचललेला असेल, फुप्फुसं स्वच्छ असतील आणि मानेची शीर फुगलेली असेल, तर या रोग्याला झोपवायचं आणि सलाईन थोडं थोडं, २५० मिलिलिटरच्या हप्त्याने, परिणाम पाहत द्यायचं. ॲस्पिरिन मात्र चावायला द्यायचीच.

आणि आता याच्या अगदी उलट रोगी. डावं निलय रिकामं होत नाही, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. तो आडवा होऊच शकत नाही. हात गुडघ्यांवर टेकवून बसलेला, ओठ काळपट, तोंडाशी गुलाबी फेस. त्याला पाय खाली सोडून बसवायचं. पहिल्याला जीव देणारं सलाईन याला बुडवतं, आणि पहिल्याला घातक ठरणारं नायट्रेट याला वाचवतं, रक्तदाब पुरेसा असेल तर. दोघांच्या तक्रारी ऐकून हा फरक नेहमी कळत नाही. मान, फुप्फुसं आणि रक्तदाब एकत्र पाहिले की कळतो.

रिकामं होण्यातल्या अडथळ्याचा एक धडा जगाला आपल्या कोकणाने दिला आहे. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंचे सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठवतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हात-पाय गार पडतात, घामाच्या धारा लागतात. डावं निलय या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध ढकलत राहतं, थकतं, आणि लहान मूलसुद्धा काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन दगावतं. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रोगी रात्र-रात्र शेजारी बसून पाहिले. १९८० च्या दशकात त्यांनी प्रॅझोसिन हे वाहिन्या सैल करणारं रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यांना द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती विचाराची दिशा. कॅथलॅब नाही, एको नाही, अतिदक्षता विभाग नाही. पण हृदय कशाविरुद्ध ढकलतं आहे हे ओळखता आलं आणि उपचार तिथूनच निघाला. या पुस्तकातलं विंचूदंशाचं प्रकरण म्हणूनच विषबाधांच्या यादीत न ठेवता डाव्या निलयाच्या प्रकरणाला जोडलं आहे.

रोग्यापर्यंत हृदयाचा उपचार नेण्याची कल्पना फ्रँक पँट्रिज यांची. १९६६ साली बेलफास्टमध्ये त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे ७० किलोंचा डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला, कारण अटॅकचे बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर, पहिल्या काही तासांत होत होते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि त्या गाड्यांत डॉक्टर असतो. ही आपली मोठी जमेची बाजू आहे. त्या डॉक्टरचं मूळ शिक्षण आयुर्वेदाचं असो वा होमिओपॅथीचं, मानेची शीर आणि फुप्फुसाचा तळ वाचता आला की तो रुग्णालयात पोचण्याआधीच्या चाळीस मिनिटांत पुष्कळ काही करू शकतो.

दोन गोष्टी या पुस्तकात नाहीत. नवजात बाळाचं हृदय आणि जन्मजात व्यंगं मी घेतलेली नाहीत, कारण तिथे रक्ताचे मार्गच वेगळे असतात आणि घाईने चार पानं लिहिणं धोक्याचं ठरलं असतं. औषधांच्या मात्राही मोजक्याच ठिकाणी आहेत. तुमच्या सेवेचे लेखी प्रोटोकॉल वेळोवेळी बदलतात, मात्रा तिथूनच घ्या.

वाचताना घाई करू नका. पहिलं प्रकरण झालं की सहकाऱ्याला स्ट्रेचरवर ४५ अंशांत टेकवा, मान किंचित डावीकडे वळवायला सांगा आणि उजवीकडची शीर तिरप्या उजेडात शोधा. ती दिसली की पोटावर, यकृताच्या जागी, तळहाताने दहा सेकंद हलका दाब द्या आणि शीर वर चढते का पाहा. मग स्ट्रेचर हळूहळू सपाट करा आणि पुन्हा पाहा. चार-पाच निरोगी माणसांत हे जमल्यावर दुसरं प्रकरण उघडा. ते तिथूनच, उजव्या अलिंदाच्या दारापासून सुरू होतं.